आगीत आपोआप उघडणारी झडप : विमानाच्या इंजिनात हवा सोडली तर आग भडकणार नाही का?

पऱ्हाटी (दारव्हा तालुका) · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गावात माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. भाची यवतमाळला मेकॅनिकलचा डिप्लोमा करते. सेमिनारसाठी तिनं विमानाच्या इंजिनातली आग हा विषय घेतलाय. इंजिनाच्या आवरणात आग लागली की नुसत्या तापमानानं उघडणारी एक झडप बसवता येते, आणि ती थंड हवा सोडून नाजूक भाग वाचवते, असं तिनं वाचलं. रविवारी घरी आली तेव्हा मला म्हणाली, "मामा, हे तुम्हाला पटतं का?" मी अडकलो.

झडप मला कळते. ट्रॅक्टरचा थर्मोस्टॅट तेच करतो. आत मेण असतं, पाणी तापलं की मेण वितळून फुगतं आणि दांडी ढकलतं. वायर नाही, बटण नाही. मी अडलो ते हवेपाशी. दुकान टाकण्याआधी मी चार हंगाम जिनिंगमध्ये काढले. रुईच्या गाठीत ठिणगी गेली तर ती दोन-दोन दिवस आतल्या आत धुमसते. वरून हात लावला तर गाठ गार लागते. पट्ट्या कापून गाठ उकलली की वारा लागतो आणि भपकन पेटते. एकदा माझ्या भुवया गेल्या होत्या. मग विमानात आगीच्या वेळी मुद्दाम हवा का सोडायची? जाणकारांनी सांगावं. शुक्रवारी तिचा सेमिनार आहे.

रातपाळी · सोमवार, रात्री ९:५२

वाचतोय. मलाही हेच विचारायचं होतं.

जिनिंगवाला (हिंगणघाट) · सोमवार, रात्री १०:१५

भौ, तुमी म्हनता तेच खरं. आगीले हवा देनं म्हंजे बैलाले सरकी चारनं. वीस वर्सं झाले मी जिनिंगात हाय. आमच्या इकडे आग दिसली का पह्यले पंखे बंद, मंग पानी. कापूस वढनारे पंखे चालू राह्यले तं ठिनगी पाइपातून पुढच्या खोलीत जाते अन् तिकडची गंजीबी पेटते. विमानवाले शिकले-सवरले लोक, थे उलटं काहून करतीन? पोरीनं काईतरी चुकीचं वाचलं असन.

हँगरपाशी (नागपूर) · सोमवार, रात्री ११:०५

भाचीनं बरोबर वाचलंय, आणि तुम्हा दोघांचा अनुभवही खरा आहे. हवा नेमकी कुठे सोडतात तेवढं पाहायला हवं. मी विमानांच्या देखभालीत आहे, इंजिनांवरच काम करतो.

इंजिनाच्या बाहेर जे गोल आवरण दिसतं त्याला काऊल म्हणतात. काऊल आणि आतलं इंजिन यांच्यामध्ये पोकळी असते. इंधनाच्या, तेलाच्या, हायड्रॉलिकच्या नळ्या या पोकळीतून जातात. एखादी नळी गळाली आणि तेल तापलेल्या धातूवर पडलं तर आग लागते ती इथे. या जागेला फायर झोन म्हणतात. आता याच परिसरात, बहुतेक इंजिनांत पंख्याच्या कवचावर, एक ॲल्युमिनियमची पेटी बसवलेली असते. ती इंजिनाचा कंट्रोलर. किती इंधन जायचं, पाती कोणत्या कोनात वळायची, हे सगळं तीच ठरवते.

थंड हवा पोकळीत मोकळी सोडायचीच नसते. ती एका नळीतून थेट त्या पेटीच्या स्वतःच्या बंद कवचात जाते. आग कवचाच्या बाहेर, हवा कवचाच्या आत. जिनिंगवाले भौ, तुम्ही गाठीला हवा लावता. इथे हवा गाठीला लागत नाही, शेजारच्या खोलीत बसलेल्या मुनिमाला लागते.

आणि हवा येते समोरच्या मोठ्या पंख्याकडून, मागच्या कॉम्प्रेसरमधून नाही. कॉम्प्रेसरच्या शेवटी हवा दाबून दाबून कित्येक शे अंश तापलेली असते, तिनं पेटी गार व्हायची नाही. पंखा हवेला साधारण दीडपट दाब देतो, त्यात ती चाळीसेक अंश तापते. मे महिन्यात नागपूरला ४५ अंशांत विमान उडालं तर पंख्यामागची हवा ८५-९० च्या घरात. आपल्याला चटका बसेल, पण ११०० अंशांच्या ज्वाळेपुढे ती गारच. उंचावर तर बाहेर उणे ५० च्या आसपास असतं, तिथे प्रश्नच नाही.

जिनिंगवाला (हिंगणघाट) · मंगळवार, सकाळी ६:३०

मुनीमजीचं समजलं. पन येक सांगा, त्या पेटीले जाड आगरोधक गोधडी गुंडाळून काहून नाई टाकत? कायले पाह्यजे झडप अन् नळी? जितकं सामान जास्त तितकी भानगड जास्त.

हँगरपाशी (नागपूर) · मंगळवार, सकाळी ८:१०

माझ्या मते या झडपेचं खरं कारण तुमच्या या प्रश्नातच आहे, म्हणून जरा लांबवून सांगतो.

पेटी स्वतःही तापते. आत सर्किट आहे, त्यातून सतत वीज वाहते. इलेक्ट्रॉनिक्सचे बरेच चांगले सुटे भागसुद्धा १२५ अंशांपर्यंतच्या कामासाठी बनवलेले असतात. पेटीला जाड गोधडी गुंडाळली तर आगीच्या दिवशी ती वाचेल, पण बाकीच्या हजारो दिवशी स्वतःच्याच उष्णतेत शिजेल. मे महिन्यात घोंगडी पांघरून फिरण्यासारखं आहे ते. म्हणजे रोज उष्णता बाहेर जाऊ द्यायची आणि आगीच्या दिवशी आत येऊ द्यायची नाही. गोधडीला हे दोन्ही जमत नाही.

मग रोजच भरपूर हवा का सोडत नाहीत? कारण पंख्यानं दाबलेली हवा फुकट नसते. ती वळवली की तेवढा जोर कमी आणि इंधनाचा खर्च वाढतो, प्रत्येक उड्डाणाला, वर्षानुवर्षं. म्हणून रोज थोडी हवा, किंवा नुसता आसपासचा वारा, आणि आगीच्या वेळी झडप उघडून मोठा झोत.

विमानाच्या कामात आगीच्या परीक्षेचे दोन दर्जे आहेत. ११०० अंशांची ज्वाळा ५ मिनिटं सोसली तर एक दर्जा, १५ मिनिटं सोसली तर दुसरा, वरचा. ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं आणि कथील-शिशाचा डाग (सोल्डर) १८३ लाच. पेटी उघडी ठेवली तर आतली सोल्डरिंग आधी जाईल.

पेटी जळाली तर इंजिन बंद पडेल, एवढंच ना, असं कुणी म्हणेल. भीती त्याची नाही. जळता-जळता ती चुकीचा हुकूम देईल, इंधन बंद करायचं तिथे वाढवेल, ही भीती असते. वैमानिकाला आगीचा इशारा मिळून तो इंजिन बंद करेपर्यंत तिनं शहाण्यासारखं वागावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

चौथीची_मास्तरीण (उमरखेड) · मंगळवार, सकाळी ८:४५

आमच्या वर्गात आम्ही कागदाच्या द्रोणात पाणी घेऊन तो मेणबत्तीवर धरतो. पाणी उकळतं, कागद जळत नाही. दरवर्षी एक तरी पोरगं द्रोण उलटा करून बघतं की खरंच कागदच आहे ना. पेटीच्या कवचातली वाहती हवा हेच करते का? आणि इंधनाच्या नळ्यांचं काय, त्यांना कोण गार ठेवतं?

हँगरपाशी (नागपूर) · मंगळवार, दुपारी १:२०

ताई, अगदी तेच. इंधनाच्या नळीला आतून वाहणारं इंधनच गार ठेवतं, द्रोणातल्या पाण्यासारखं. म्हणून नळीची आगीची परीक्षा घेताना आतला प्रवाह कमीत कमी ठेवतात, म्हणजे वाईटात वाईट अवस्था तपासली जाते. हवेची उष्णता वाहून नेण्याची ताकद पाण्यापेक्षा पुष्कळ कमी, म्हणून पेटीला मोठा झोत लागतो.

शकुंतलेचा_नातू (मूर्तिजापूर) · मंगळवार, दुपारी ३:०५

या धाग्यावर आमच्या शकुंतला रेल्वेचं नाव यायलाच हवं. पऱ्हाटीभाऊंच्या दारव्ह्यावरूनच ती यवतमाळला जायची. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत या अरुंद रुळांवर चाललं. माझे आजोबा तिच्यावर फायरमन होते.

वाफेच्या इंजिनात भट्टीच्या छताला शिशानं भरलेली एक गुल्ली असते, लेड प्लग. छतावर बॉयलरचं पाणी असेपर्यंत शिसं वितळत नाही. पाण्याची पातळी छताखाली गेली की गुल्ली तापते, शिसं ३२७ अंशांना वितळतं, आणि त्या भोकातून वाफ जोरात भट्टीत येते. ड्रायव्हरला कळतं, निखारे मंदावतात, बॉयलर फुटायचा वाचतो. आजोबा सांगायचे, प्लग वितळला तर गाडी जागीच उभी राहायची आणि फायरमनची चौकशी लागायची, कारण पाणी बघणं त्याचं काम. पण माणसं जिवंत राहायची.

तापल्यावर आपोआप उघडणारी झडप हीच की नाही? विमानवाल्यांनी नवीन काही काढलेलं नाही, असं माझं मत.

पोट्टा_ईटीसी (अमरावती) · मंगळवार, संध्या. ६:३०

इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आदर ठेवून विरोध नोंदवतो. आज सेन्सर स्वस्त आहेत, सोलेनॉइड म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर उघडणाऱ्या झडपा स्वस्त आहेत. एक तापमान सेन्सर, एक छोटा प्रोसेसर, एक झडप. अंशाच्या अचूकतेनं उघडेल, उघडली का ते वैमानिकाला दिसेल, परत बंदही करता येईल. मेण आणि शिशाकडे परत जाणं मला पटत नाही.

पऱ्हाटी (दारव्हा तालुका) · मंगळवार, रात्री ८:००

पोट्ट्या, तू हुशार आहेस, पण विहिरीवरच्या स्टार्टरचं झाकण उघडून बघ. आत ओव्हरलोड रिले असतो. दोन धातूंची चिकटवलेली पट्टी. मोटरनं जास्त करंट ओढला की पट्टी तापते, एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त वाढतो, पट्टी वाकते आणि मोटर बंद. रात्रीच्या लाइनीला, दव असताना, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतानाही पट्टी वाकते. मागच्या रब्बीत शेजाऱ्यानं पट्टीचा रिले काढून दुकानदाराच्या सांगण्यावरून इलेक्ट्रॉनिक प्रोटेक्टर लावला. दोन महिने छान चालला. मग विजा पडल्या त्या रात्री त्याचं कार्ड गेलं, आणि मोटरही. हरभऱ्याचं एक पाणी चुकलं.

हँगरपाशी (नागपूर) · मंगळवार, रात्री ९:३५

विमानातलंच उदाहरण देतो. ४ नोव्हेंबर २०१० रोजी क्वांटासचं एअरबस ए-३८० सिंगापूरहून सिडनीला निघालं. ४६९ माणसं आत. दुसऱ्या क्रमांकाच्या इंजिनात तेलाची एक बारीक नळी तडकली, गळक्या तेलानं आतच आग लागली आणि टर्बाइनची चकती फुटली. तिचे तुकडे पंखातून आरपार गेले. सगळी माणसं सुखरूप उतरली, पण जमिनीवर आल्यावर शेजारचं पहिलं इंजिन बंदच होईना. त्याच्याकडे जाणाऱ्या वायरी तुटल्या होत्या. स्विच फिरवला, आगीचा दांडा ओढला, काही नाही. अग्निशमनवाल्यांनी काही तास पाणी आणि फेस मारून ते बंद पाडलं.

इंजिन उत्तम होतं. हुकूम पोहोचवायला वायर नव्हती. आग लागते तिथे वायर सगळ्यात आधी जाते. तापमानाची झडप हुकमाची वाट बघत नाही. आगच तिला उघडते.

पोट्टा_ईटीसी (अमरावती) · मंगळवार, रात्री १०:१०

उदाहरण मानलं. पण वायर जळतेच असं नाही. आग ओळखणारे जे लूप इंजिनाभोवती फिरवलेले असतात, तेही विजेवरच चालतात ना? धातूच्या बारीक नळीत तार, मधे असा पदार्थ की तापला की त्याचा रोध कोसळतो. ते आगीतच काम करतात. तेही ए आणि बी असे जोडीनं, म्हणजे एक बिघडला तरी दुसरा आहे. म्हणजे आगीत टिकणारी वायरिंग करता येते. खर्च येतो, एवढंच.

हँगरपाशी (नागपूर) · मंगळवार, रात्री १०:२५

हो, हा मुद्दा बरोबर आहे. लूपचं काम मात्र पहिल्या काही सेकंदांत ओरडणं एवढंच असतं. झडपेला पुढची ५ किंवा १५ मिनिटं उघडं राहायचंय. तरी तुझं म्हणणं मी खोडत नाही.

वर्धाकाठ (पुलगाव) · बुधवार, सकाळी ७:१५

मला वेगळंच सुचलं. आमच्या गोदामात पाण्याचे स्प्रिंकलर बसवले तेव्हा बसवणाऱ्यानं लाल काचेची नळी आणली होती. लाल ६८ अंशांना फुटते, पिवळी ७९ ला, हिरवी ९३ ला. टिनाचं छत, मे महिना, बाहेर ४७. दुपारी छताखाली हात धरवत नाही. मी भांडून हिरव्या लावून घेतल्या. लाल राहिली असती तर एखाद्या भर दुपारी आग नसताना सगळी तूर भिजली असती.

विमानाची झडप किती अंशांना उघडायची हे कसं ठरवतात? आपल्याकडे विमान उन्हात उभं असतं तेव्हा ती उगाच उघडत नाही का?

पऱ्हाटी (दारव्हा तालुका) · बुधवार, सकाळी ७:४०

यावर मी सांगू शकतो. ट्रॅक्टर नांगरून आला आणि लगेच बंद केला तर काटा आणखी वर चढतो. पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, आणि लोखंडातली उष्णता बाहेर येत राहते. म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगतो, दोन मिनिटं हळू चालू ठेवा, मग चावी फिरवा. विमानाचंही तसंच असणार.

हँगरपाशी (नागपूर) · बुधवार, दुपारी १२:५०

तसंच आहे. इंजिन बंद केल्यावर काऊलच्या आतलं तापमान काही वेळ वर चढतं. झडपेचा आकडा त्या चढापेक्षा बराच वर, आणि पेटी बिघडायच्या आत उघडेल इतका खाली, असा निवडावा लागतो. साधं निकेल-टायटॅनियम, ज्याला निटिनॉल म्हणतात, ते तापल्यावर आपला जुना आकार घेतं. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत ते सापडलं, नावातला शेवटचा भाग त्या प्रयोगशाळेचाच. पण त्याची ही करामत शंभरेक अंशांपर्यंतच चालते. त्याहून वरच्या आकड्याला त्यात दुसरे धातू मिसळावे लागतात, नाहीतर दोन धातूंची पट्टी किंवा वितळणारी गुल्ली वापरायची.

स्वयंपाकघरातून (आर्वी) · बुधवार, दुपारी २:३०

कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे शकुंतलेचा लेड प्लगच की! परवा फोनवर बोलता-बोलता पाणी आटलं, व्हॉल्व्ह उडाला, तुरीचं वरण छतावर. पण कुकर शाबूत. नवीन व्हॉल्व्ह आणला, तेवढंच.

जिनिंगवाला (हिंगणघाट) · बुधवार, रात्री ८:२०

मास्तरीणबाईच्या द्रोणानं अन् ताईच्या कुकरनं मले पटलं. आता माह्ये दोन प्रश्न राह्यले. येक, वीस वर्सं न उघडलेली झडप येनवक्ती उघडन, हे कोनं पाह्यलं? दोन, पेटीतून गेलेली हवा मंग कुठं जाते? आत गेली तं बाहेर पडनच. थे पुन्हा आगीतच पडली तं माह्यी गाठ पेटलीच ना!

चौथीची_मास्तरीण (उमरखेड) · बुधवार, रात्री ८:५५

दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. भाचीनं हा नक्की मांडावा.

वर्धाकाठ (पुलगाव) · बुधवार, रात्री ९:१०

पहिल्याचं उत्तर आपल्या घरातच आहे. सोयाबीन पेरायच्या आधी पिशवीतले १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. ७० उगवले की बियाणं चांगलं. पिशवीतला प्रत्येक दाणा कुणी उगवून बघत नाही, नाहीतर पेरायला काय उरेल?

हँगरपाशी (नागपूर) · बुधवार, रात्री १०:४०

वितळणाऱ्या गुल्लीचं असंच करावं लागतं. तपासली की ती संपली, म्हणून एकाच घाण्यातल्या काही गुल्ल्या वितळवून बघायच्या आणि उरलेल्या बसवायच्या. मात्र ७० नाही चालत, सगळ्याच वितळल्या पाहिजेत. धातूच्या पट्टीची झडप काढून गरम करून बघता येते, परत बसवता येते. देखभाल करणारा म्हणून मला पट्टी आवडते. पण पट्टी गंजते, धुळीनं अडकते. गुल्लीत हलणारं काहीच नाही.

दुसरा प्रश्न. जिनिंगवाले भौ, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. हवा पेटीतून निघून काऊलच्या पोकळीत पडली तर दोन नुकसानं. एक तुम्ही सांगितलं ते. दुसरं म्हणजे, वैमानिक आगीचा दांडा ओढतो तेव्हा इंधन आणि हायड्रॉलिक तोडलं जातं, मग तो बाटली फोडतो. बाटलीत हॅलॉन असतो, आग विझवणारा वायू. हॅलॉन त्या पोकळीत ठरावीक प्रमाणात काही काळ टिकला तरच आग विझते. जास्तीची हवा आली की हॅलॉन पातळ होतो आणि वाहून जातो. म्हणून हवेची बाहेर जायची वाट आखूनच द्यावी लागते, शक्य तर वेगळ्या नळीनं आगीच्या जागेबाहेर. आणि कवचातला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त हवा, नाहीतर ज्वाळाच आत शिरेल.

आणखी एक. इंजिन बंद केलं तरी आकाशात समोरच्या वाऱ्यानं पंखा फिरत राहतो, थोडी हवा मिळत राहते. जमिनीवर विमान उभं असेल तर तीही नाही. तिथे मग धावपट्टीवरच्या अग्निशमन गाडीवरच भिस्त.

जिनिंगवाला (हिंगणघाट) · गुरुवार, सकाळी ६:१०

आता समजलं. पोरीनं चुकीचं वाचलं असन म्हनलो, थे शब्द मांगं घेतो. तिले माह्या आशीर्वाद सांगा.

पऱ्हाटी (दारव्हा तालुका) · शुक्रवार, रात्री ९:२०

मंडळी, सेमिनार झाला. भाचीनं फळ्यावर पेटी काढली, तिच्याभोवती कवच, आणि हवेचा बाण निळ्या खडूनं आत नेऊन वेगळ्या नळीनं बाहेर काढला. आग लाल खडूची, बाण तिला कुठेच शिवत नाही. सरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, "ही हवा जाते कुठे?" तिनं हॅलॉनसकट उत्तर दिलं. शकुंतलेचा लेड प्लगही सांगितला. मागच्या बाकावरच्या एका पोराचे आजोबा त्याच लायनीवर गँगमन होते, तो नंतर येऊन तिच्याशी बोलला.

पोट्ट्या, तुझा लूपचा मुद्दा तिनं तुझ्या बाजूनं मांडला. सरांना तो पटला.

आदल्या रात्री आम्ही दुकानात एक काम केलं. एका गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरचा थर्मोस्टॅट कुणीतरी काढून टाकला होता. आपल्याकडे सर्रास काढतात, गरमी फार म्हणून. मग इंजिन थंडच राहतं, डिझेल जास्त पितं, आणि मालक वर्षभर पंपाला दोष देतो. नवीन थर्मोस्टॅट पातेल्यात दोऱ्यानं टांगला, शेगडीवर पाणी ठेवलं, भाचीनं थर्मामीटर धरला. ७५ ला काही नाही. ८० ला काही नाही. ८२ ला झडप केसभर उचलली आणि बघता-बघता पूर्ण उघडली. पातेलं खाली उतरवलं, तर पाणी निवता-निवता हळूच मिटली. भाचीनं तीन वेळा करायला लावलं, तिन्ही वेळा ८२.

तोच थर्मोस्टॅट आज त्या ट्रॅक्टरला बसवला. मालक म्हणाला, काढून टाका, गरम होईल. मी त्याला पातेलं दाखवलं.